पंधरा रुपये, पाच गुंठे आणि बाराशे कोटी

जगातल्या शोधनिबंधांचा ढीग रचला तर तो किती उंच होईल? ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाने ऑक्टोबर २०१४ मध्ये हा हिशोब मांडला होता. वेब ऑफ सायन्स या नोंदसंग्रहात तेव्हा सुमारे ५ कोटी ८० लाख लेखनकृतींची नोंद होती. प्रत्येकीचं फक्त पहिलं पान छापायचं आणि पानावर पान ठेवत जायचं. ढीग जवळपास किलिमांजारोच्या माथ्यापर्यंत पोचतो. किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर, म्हणजे आपली कळसूबाई साडेतीन वेळा एकावर एक ठेवली तर होईल तेवढी. एका पानाला एक मिनिट धरून रात्रंदिवस न थांबता वाचलं, तर नुसती पहिली पानं संपायला ११० वर्षं लागतील.

आता ही पानं संदर्भसंख्येप्रमाणे लावू. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढच्या किती निबंधांनी केला, ती त्याची संदर्भसंख्या. सर्वांत कमी उल्लेखांची पानं तळाशी, सर्वांत जास्त उल्लेखांची माथ्यावर. या डोंगराचा खालचा जवळजवळ अर्धा भाग अशा लेखनाचा आहे, ज्याचा उल्लेख आजवर एकदा झाला किंवा एकदाही झाला नाही. हजाराहून अधिक उल्लेख मिळालेले निबंध १४,४९९. पानांच्या हिशोबात वरचा फक्त दीड मीटर. दहा हजारांच्या पुढे गेलेल्यांना तर वरचा दीड सेंटीमीटर पुरतो. आणि शिखरावर १९५१ चा एक निबंध आहे, द्रावणातलं प्रथिन मोजण्याची पद्धत सांगणारा. त्याचे उल्लेख होते ३,०५,१४८.

माथ्यावरच्या पहिल्या शंभरांत प्रयोगशाळेतल्या पद्धती आहेत, संख्याशास्त्रातली सूत्रं आहेत, संगणकाच्या आज्ञावल्या आहेत. शेतीच्या अर्थकारणावरचा एकही निबंध तिथे नाही.

मग कृषी अर्थशास्त्रज्ञाच्या कामाचा आवाका मोजायचा कसा? नागपुरात हा प्रश्न विचारायला विशेष कारण आहे. शहरात १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, मृद सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. आणि या शहराच्या राजकारणात गेली चाळीस वर्षं सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला जो आकडा आहे, तो एका कृषी अर्थशास्त्रज्ञानेच काढलेला आहे. त्या आकड्याची नोंद वर सांगितलेल्या डोंगरात कुठेही नाही.

आधी ही मोजदाद कशी सुरू झाली ते पाहू. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक कल्पना मांडली. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी कुणी केला याची सूची ठेवली, तर विचाराचा माग काढता येईल, आणि जुना निबंध पुढे चुकीचा ठरला असेल तर तेही वाचणाऱ्याला कळेल. मूळ हेतू माग काढण्याचा होता, गुण देण्याचा नव्हता. पहिल्या मोठ्या सूचीत १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतले सुमारे १४ लाख संदर्भ होते. पुढे सूचीची गुणपत्रिका झाली. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. एखाद्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख मिळाले असतील, तर त्याचा निर्देशांक २०. सोपा आणि एका आकड्यात मावणारा, म्हणून तो जगभर पसरला.

या सूत्राची दुसरी बाजू एका उदाहरणाने कळते. एकाने आयुष्यात दोनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाच-पाच हजार उल्लेख मिळाले, तर त्याचा निर्देशांक २ च राहतो. दुसऱ्याने वीस साधारण निबंध लिहिले आणि प्रत्येकाला वीस उल्लेख मिळाले, तर त्याचा २०. पहिल्याला दहा हजार उल्लेख, दुसऱ्याला चारशे, आणि तरी दुसरा दहा पटींनी मोठा.

शेतीशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एक जोडनाव पाठ असतं, ‘पानसे आणि सुखात्मे’. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं शेतीतल्या प्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचं इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलं. तेव्हापासून खताची मात्रा असो, कपाशीचं वाण असो की संत्र्याची छाटणी, प्रयोगाचे आकडे तपासण्याची पद्धत सांगताना प्रबंधात हे नाव येतं. कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रबंधांची रांग काढून शेवटची संदर्भांची पानं उलटली, की ते पुन्हा पुन्हा समोर येतं. सोबतचं वर्ष मात्र बदलत जातं. कुणी १९५४ लिहितो, कुणी १९६७, कुणी १९७८, कुणी १९८५, हाती जी आवृत्ती पडली तिचं. संगणकाला ही चार वेगळी पुस्तकं वाटतात आणि उल्लेख चार ठिकाणी विभागले जातात. शिवाय बहुसंख्य प्रबंध आंतरराष्ट्रीय नोंदसंग्रहांत पोचतच नाहीत. तीन पिढ्यांनी वापरलेल्या पुस्तकाची नेमकी संदर्भसंख्या म्हणूनच कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मोजणीतून निसटणारं काम याहून कितीतरी मोठं असू शकतं, याचा दाखला धनंजयराव गाडगीळ. जन्म १९०१ चा नाशिकचा, बालपण नागपुरातलं. पुढे केंब्रिज, आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेची उभारणी. शेती आणि सहकार हे त्यांच्या अभ्यासाचे गाभ्याचे विषय, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहण्यात त्यांचा मोलाचा वाटा. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना त्यांनी राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं सूत्र दिलं, आणि १९६९ पासून चौथ्या योजनेत ते लागू झालं. लोकसंख्येला ६० टक्के, दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना १०, करवसुलीच्या प्रयत्नाला १०, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्पांना १०, राज्याच्या खास अडचणींना १०. एवढ्या पाच आकड्यांनी, मधल्या काळात सुधारून का होईना, नियोजन आयोग गुंडाळला जाईपर्यंत सुमारे ४५ वर्षं देशातल्या राज्यांचे वाटे ठरवले. गाडगीळांच्या नावावर एच-निर्देशांक किती, हे कुणी विचारलं तर येणारं उत्तर या पाच आकड्यांबद्दल काहीच सांगणार नाही.

गाडगीळांच्याच संस्थेत वि. म. दांडेकर घडले. ६ जुलै १९२० चा साताऱ्यातला जन्म, शिक्षण संख्याशास्त्राचं आणि आयुष्यभराचा विषय शेती. त्यांच्या तीन कामांचा आवाका एकापुढे एक ठेवून पाहावा असा आहे.

पहिलं काम दारिद्र्याचं. २ आणि ९ जानेवारी १९७१ च्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या अंकांत दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास दोन भागांत आला. प्रश्न साधा होता. माणसाला दिवसाकाठी २,२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न, आणि त्या थरातले लोक अन्नाबरोबर इतर गरजांवर करतात तेवढा खर्च, यासाठी किती पैसे लागतात? राष्ट्रीय नमुना पाहणीतून त्यांनी उत्तर काढलं. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. दिवसाचे खेड्यात ५० पैसे, शहरात ७५. आणि एवढंही ज्यांना परवडत नव्हतं ते खेड्यांत सुमारे ४० टक्के, शहरांत सुमारे ५० टक्के. १९६१ च्या जनगणनेत खेड्यांतली लोकसंख्या ३६ कोटी होती, शहरांतली ७ कोटी ८९ लाख. टक्केवारी त्यावर बसवली तर १८ कोटींहून अधिक माणसं. दोन अभ्यासक, साप्ताहिकाचे दोन अंक, आणि १८ कोटींची गणती.

रेषा आखणारे ते पहिले नव्हते. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने माणशी महिना २० रुपयांची पातळी सुचवली होती. पण रुपया पोटातल्या कॅलरीशी बांधून, पाहणीतल्या खर्चाच्या प्रत्येक थराची झाडाझडती घेऊन केलेला हा हिशोब पुढच्या सगळ्या वादाचा पाया ठरला. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरी धरल्या. मग लकडावाला, तेंडुलकर, रंगराजन अशा समित्या आल्या. विदर्भातल्या एखाद्या गावात रेशनकार्ड पिवळं की केशरी यावरून ग्रामसभेत आवाज चढतात, तेव्हा त्या भांडणाच्या वंशावळीत हे पंधरा रुपयेही असतात.

या आकड्यावर सर्वांत कडक टीका केली ती सुखात्म्यांनी, वर आलेल्या पुस्तकाच्याच सहलेखकाने. तेही सातारा जिल्ह्यातले, बुध गावचे. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर तिच्याशी जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेची रेषा मारून खालच्या सगळ्यांना उपाशी म्हणणं चुकीचं. दांडेकरांनी १९८० च्या दशकात त्याला सविस्तर उत्तर दिलं. एका जिल्ह्यातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांचा हा वाद देशात किती माणसं भुकेली आहेत याविषयी होता. संदर्भसूचीचा खरा उपयोग इथे कळतो. पंधरा रुपयांचा निबंध सापडला, की त्याच्यावरची टीकाही त्याच वाटेने सापडते.

दुसरं काम पीकविम्याचं. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कपाशीसाठी विमा सुरू झाला. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान त्याच्या शेतात जाऊन ठरवायचं, अशी पद्धत होती. १९७८ पर्यंत अशा योजनांत आले ३,११० शेतकरी. हप्त्यापोटी जमले ४ लाख ५४ हजार, भरपाईपोटी गेले ३७ लाख ८८ हजार. जमेच्या आठपटीहून अधिक खर्च.

१९७६ मध्ये दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तच भारतातल्या पीकविम्यावर लेख लिहिला. कोट्यवधी तुकड्यांत विभागलेल्या शेतीत एकेका शेताचं नुकसान ठरवणं अशक्य आहे, आणि शेतनिहाय उत्पन्नाच्या जुन्या नोंदीही नाहीत. तेव्हा शेत हा घटक सोडा, एकसारख्या हवामानाचा परिसर हा घटक धरा. त्या परिसराचं सरासरी उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेलं, तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. सरासरी काढण्यासाठी नवी यंत्रणाही नको, कारण पीक कापणी प्रयोग देशात आधीच होत होते. या सूचनेवर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८४ पर्यंत तिच्यात ६ लाख २७ हजार शेतकरी आले, हप्ता जमला सुमारे १ कोटी ९७ लाख आणि भरपाई गेली १ कोटी ५७ लाख. हिशोब पहिल्यांदाच जमेच्या बाजूला राहिला. १९८५ च्या सर्वंकष योजनेत १९९९ पर्यंत ७ कोटी ६३ लाख शेतकऱ्यांची नोंद झाली. मग राष्ट्रीय कृषी विमा योजना, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री पीकविमा योजना. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात विमा दिला, तेव्हा एकट्या राज्यातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली, पण परिसर हाच घटक आजही कायम आहे. ३,११० शेतकऱ्यांपासून १ कोटी ७० लाख अर्जांपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार पट. त्यातल्या एकाही अर्जावर दांडेकरांचं नाव नसतं.

हा परिसराचा हिशोब जमिनीवर कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. घटक असतो महसूल मंडळ. मंडळात एका पिकाचे किमान दहा पीक कापणी प्रयोग व्हायचे असतात. गाव आणि गट क्रमांक चिठ्ठी काढल्यासारखे, यदृच्छेने निवडले जातात. कृषी सहायक किंवा तलाठी शेतात जातो, ठरलेल्या कोपऱ्यातून यदृच्छ आकड्यांप्रमाणे पावलं मोजतो, टेप धरतो, चार खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो. सोयाबीनसाठी साधारणपणे १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकोन. आतलं पीक कापायचं, झोडपायचं, वजन करायचं, नोंदवायचं. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, यावरसुद्धा निकाल हलतो. चौकोन फार लहान ठेवला तर कडेची झाडं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिलं होतं.

असे दहा चौकोन मिळून क्षेत्र होतं ५०० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. समजा मंडळात ४,००० हेक्टर सोयाबीन आहे, तर त्याचा हा ऐंशी हजारावा हिस्सा. या पाच गुंठ्यांच्या वजनावर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांची भरपाई ठरत आली आहे. अलीकडे उपग्रहाच्या आधारे काढलेल्या अंदाजालाही काही भारांक मिळू लागला आहे. सूत्र असं चालतं. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली भरपाई मिळते ती पातळी, हेक्टरी १,००० किलो ठरलं आणि प्रयोगांची सरासरी ७०० किलो आली, तर तूट ३० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर भरपाई हेक्टरी १५,०००. मंडळातल्या प्रत्येकाला तीच, ज्याचं पीक उभं राहिलं त्याला आणि ज्याचं सगळं गेलं त्यालाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याचं दुखणं नेमकं इथे आहे. नाल्याकाठचं त्याचं सोयाबीन सडलं, पण मंडळाची सरासरी बरी आली, तर सरासरीच्या हिशोबात त्याच्या हाती काही पडत नाही. ते दुखणं खरं आहे. दांडेकरांच्या मांडणीत परिसर एकसारखा असण्याची अट होती. वर्धा नदीच्या काठची काळी कसदार जमीन आणि टेकडीवरची बरड एकाच मंडळात बसवली, तर ती अट मोडते. शेतकरी विमा कंपनीशी भांडतो, आणि त्या भांडणात अटीचा विषय येतच नाही, कारण ती अट कुठे लिहिली होती हेच लोकांपर्यंत पोचलेलं नाही.

तिसरं काम थेट नागपूरच्या उंबऱ्यावरचं. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासात न्याय्य वाट्याचं आश्वासन मिळालं. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी राज्य सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये अहवाल आला. पद्धत स्वच्छ होती. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर किती खाली ते मोजायचं. तेवढी दरी बुजवायला चालू किमतींनी किती पैसे लागतील, तो त्या जिल्ह्याचा अनुशेष.

एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७७ लाख रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी ५४ लाख, मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी ३८ लाख. १९८१ च्या जनगणनेप्रमाणे विदर्भात राज्यातले सुमारे २३ टक्के लोक राहत होते, अनुशेष मात्र ३९ टक्के. दरडोई काढला तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक वैदर्भीयामागे साधारण ८७० रुपये.

उर्वरित महाराष्ट्राचा आकडा विदर्भाच्या इतका जवळ कसा, असं आजही विचारलं जातं. उत्तर पद्धतीत आहे. घटक जिल्हा होता. पुढारलेल्या प्रदेशातलाही जो जिल्हा ज्या बाबतीत मागे, त्या बाबतीत त्याची दरी मोजली गेली. पुढच्या जिल्ह्याची शिल्लक मागच्याच्या तुटीत मिसळली नाही.

दहा वर्षांनी वैधानिक विकास मंडळं आली, पाठोपाठ निर्देशांक व अनुशेष समिती. तिने १९९४ चा अनुशेष काढला, १४,००६ कोटी ७७ लाख. त्यात विदर्भाचे ६,६२४ कोटी २ लाख, म्हणजे ४७ टक्के. एकूण अनुशेष ४.४ पट झाला, विदर्भाचा ५.३ पट. दरडोई ८७० चे झाले ३,८०० च्या घरात. किमती वाढल्या होत्या, आणि राज्याची सरासरीही वर सरकली होती. तिच्या मागे धावणारा जिल्हा तेवढ्याच वेगाने धावला नाही, तर पैसे खर्च होऊनही दरी रुंदावते. पुढे विजय केळकर समितीने तालुका हा घटक धरून प्रश्न नव्याने मांडला आणि तिचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात विधिमंडळासमोर आला.

आता दांडेकर समितीच्या अहवालाचा प्रभाव मोजून पाहा. दर हिवाळी अधिवेशनात आमदारांच्या भाषणांत तो येतो. अग्रलेखांत येतो, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढच्या याचिकांत येतो, स्वतंत्र विदर्भाच्या सभांत येतो. चाळीस वर्षांतले हे उल्लेख कुणी मोजले, तर अनेक नामांकित निबंध मागे पडतील. पण राज्य सरकारच्या समितीचा अहवाल आंतरराष्ट्रीय नोंदसंग्रहात दाखल होत नाही. विधानसभेतलं भाषण संदर्भ म्हणून धरलं जात नाही. मराठी अग्रलेख तर नाहीच. गुणपत्रिकेत या कामाचे गुण शून्य.

शेतीतल्या संशोधनाचं मोल वेगळ्या मापाने मोजण्याची वाट खुद्द कृषी अर्थशास्त्रज्ञांनीच दाखवली आहे. झ्वी ग्रिलिखेस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या संकरित मक्याचा हिशोब केला. संशोधनावर आधी झालेला सगळा खर्च व्याजासह धरला, वाढलेल्या पिकाचा समाजाला झालेला फायदा धरला, आणि दाखवलं की गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे दरवर्षी किमान ७ डॉलर परत येत होते. निबंध किती छापले, हे त्यांनी विचारलं नाही. शेतात काय बदललं, ते विचारलं.

आपल्याकडे तरुण कृषी अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक आणि बढती निबंधांच्या गुणांशी बांधलेली असते. कृषी विद्यापीठांत सगळ्यांच्या तोंडी असतं ते ‘नास रेटिंग’, राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने नियतकालिकांना दिलेले गुण. ज्या नियतकालिकाला आंतरराष्ट्रीय इम्पॅक्ट फॅक्टर आहे, त्याची सुरुवातच सहाच्या वर होते आणि वीसपर्यंत जाते. बाकीची सहाच्या आत. समजा नागपुरातल्या एका संशोधक मुलीने कळमना बाजारात संत्र्याचा भाव बागेपासून गाळ्यापर्यंत कसा बदलतो याचा वर्षभर अभ्यास केला आणि काटोल-नरखेडच्या बागायतदारांना वाचता येईल असा अहवाल मराठीत लिहिला. त्याला गुण नाहीत. तेच आकडे इंग्रजीत, समीकरणं घालून, परदेशी नियतकालिकात छापले तर गुण आहेत. ती काय निवडेल? आणि आपण कोणत्या तोंडाने तिला दोष द्यायचा?

संदर्भसंख्या निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. तिचा मूळ गुण फार मोलाचा आहे. तिच्यामुळे विचाराचा माग राहतो आणि चुकीची दुरुस्ती सापडते. माझी काळजी उलट बाजूची आहे. जे काम या मोजणीच्या बाहेर पडतं, त्याच्या वाट्याला श्रेय येत नाही ते एक वेळ चालेल, पण त्याची तपासणीही होत नाही, हे चालणार नाही. पंधरा रुपयांवर सुखात्मे तुटून पडले, कारण निबंध सगळ्यांसमोर होता आणि उत्तर देण्याची वाट मोकळी होती. अनुशेषाचा आकडा मात्र सभेतून सभेत जात राहिला. तो कसा काढला, सरासरी पुढे सरकली की त्याचं काय होतं, घटक जिल्हा असल्याने काय दिसतं आणि काय झाकलं जातं, हे प्रश्न मागे राहिले. पीकविम्याच्या पाच गुंठ्यांचंही तसंच. कोट्यवधी रुपये त्यांच्यावर फिरतात आणि त्यांची चर्चा कृषी कार्यालयाच्या बाहेर जवळपास होत नाही.

यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. नागपूर आणि अकोल्याच्या अभ्यासक्रमांत दांडेकर समितीचा अहवाल मूळ पद्धतीसकट, वर्गात आकडे सोडवत शिकवावा. समित्यांचे अहवाल, विद्यापीठांचे प्रबंध आणि मराठीतलं शेतीविषयक लेखन यांची एक खुली संदर्भसूची राज्याने उभारावी, म्हणजे भाषणात आलेला आकडा मुळापर्यंत शोधता येईल. प्रत्येक मंडळातले दहाही प्रयोग, कोणत्या गटात झाले, वजन किती आलं, यासकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. बढतीच्या गुणांत शेतकऱ्यांच्या भाषेतल्या अहवालाला जागा मिळावी, आणि तो अहवाल कुणी वापरला याची नोंद त्याच्यापुढे व्हावी.

आणि नागपुरातल्या संशोधकांनी एक प्रश्न आजच हाती घ्यावा. तुमच्या मंडळात जमीन किती प्रकारची आहे, पाऊस किती ठिकाणी वेगळा पडतो, आणि तेवढ्या विविधतेला दहा चौकोन पुरतात का? पुरत नसतील तर किती लागतील? हा हिशोब करायला लागणारं संख्याशास्त्र १९५४ पासून छापील पुस्तकात आहे आणि ते पुस्तक ग्रंथालयात आहे. उत्तर निघालं तर ते कदाचित मोठ्या नियतकालिकात छापलं जाणार नाही. पण पुढच्या खरिपात विम्याचा हप्ता भरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला त्या उत्तराची गरज आहे.